पैसे भरण्याआधी तुम्हाला काय विचारलं?

दिवाळीनंतर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी कच्च्या आहाराच्या शिबिरांविषयी पत्रं वाढतात. शिजवलेलं काहीच नाही, फक्त फळं, रस, सॅलड, मोड आलेली कडधान्यं आणि भिजवलेला सुकामेवा. सात दिवस, एकवीस दिवस, कधी एक्केचाळीस. यातल्या काही पत्रांना इथे उत्तरं देते.

प्रश्न : मी ४६ वर्षांची, ठाण्यात राहते. वजन वाढलंय, पोट सतत जड वाटतं. सात दिवसांच्या दोन शिबिरांची माहितीपत्रकं समोर आहेत. एक डोंगरात आहे आणि स्वस्त आहे, दुसरं समुद्रकाठी आणि बरंच महाग. कशावरून ठरवू?

दोन्हीकडे फोन करा, आणि तुम्ही काही विचारायच्या आधी ते तुम्हाला काय विचारतात ते ऐका. कोणती औषधं चालू आहेत, शेवटची रक्ततपासणी कधी केली, पित्ताशयात खडे आहेत का, थायरॉइड आहे का, पाळी नियमित आहे का, कधी खाण्यावरून आजारपण आलं होतं का. हे प्रश्न पैसे घेण्याआधी आले, तर ते ठिकाण विचारात घ्यायला हरकत नाही. पहिला प्रश्न खोली एकटीची की दोघींची हा असेल आणि दुसरा आगाऊ रकमेचा, तर तिथे जाऊ नका. डोंगर की समुद्र हा मुद्दा सगळ्यात शेवटी येतो.

मग तुम्ही विचारायचं. डॉक्टर कोण आहेत? निसर्गोपचाराची बीएनवायएस ही पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची असते. शनिवार-रविवारच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र लावून ‘नॅचरोपॅथ’ म्हणवणारेही बरेच भेटतात. डॉक्टर रात्री तिथे राहतात का, जवळचं रुग्णालय किलोमीटरमध्ये नव्हे तर मिनिटांत किती लांब आहे, हे विचारा. घाटातले बारा किलोमीटर रात्री फार लांब असतात.

त्यानंतर सातही दिवसांचा लेखी मेनू मागा. त्यात प्रथिनं कुठून येणार ते बघा. तुमचं वजन साठ किलो धरलं, तर दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. नुसत्या फळांवर आणि रसांवर त्याच्या निम्मीही मिळत नाहीत. मग शरीर स्नायूंमधून घेतं आणि काटा खाली येतो म्हणून आपण खूश होतो. पहिल्या तीन-चार दिवसांत उतरणारं वजन बहुतांशी पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. साठा संपला की ते पाणी जातं, आणि घरी येऊन दोन दिवस पोळी-भात खाल्ला की परत येतं. यात कुणाची फसवणूक नाही, पण ‘सात दिवसांत चार किलो’ असं छापणाऱ्यांनी हेही छापायला हवं.

तुमच्या जड पोटाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगते. रोज जेमतेम एक वाटी भाजी खाणाऱ्या माणसाच्या ताटात अचानक किलोभर कच्च्या भाज्या आल्या, तर पोट हलकं होत नाही, फुगतं. चांगलं केंद्र दोन आठवडे आधीच सांगतं की रोज एक कोशिंबीर वाढवा, चहा कमी करा, पाणी वाढवा. आणि परत गेल्यावर पहिला आठवडा काय खायचं तेही लिहून देतं.

प्रश्न : वय ५८, सोलापूर. बारा वर्षं मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतो, सहा महिन्यांपासून डापाग्लिफ्लोझिनही. एका शिबिराचे लोक म्हणतात, तिसऱ्या दिवशी सगळ्या गोळ्या बंद करू. जावं का?

या शिबिराला जाऊ नका. बाकी काही वाचलं नाहीत तरी हे एवढं वाक्य लक्षात ठेवा.

तुम्ही नाव लिहिलेली तिन्ही औषधं वेगवेगळ्या पद्धतीने काम करतात, म्हणून ‘सगळ्या गोळ्या’ असा शब्दच डॉक्टरच्या तोंडी शोभत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवा किंवा न जेवा. भाकरी-भात बंद करून काकडीवर राहिलात आणि ही गोळी पूर्ण मात्रेत घेतलीत, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. म्हणजे ही गोळी कमी करावी लागेल, पण जाण्याआधी, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी, किती ते ठरवून. डापाग्लिफ्लोझिनचा धोका निराळा आहे. ही गोळी चालू ठेवून उपास किंवा फार कमी पिष्टमय पदार्थ घेतले, तर रक्तात आम्ल वाढण्याचा कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर जवळपास ठीक दिसू शकते. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप लागणं, अशी लक्षणं असतात. शिबिरात याला ‘शरीरातली विषं बाहेर पडताहेत’ असं सांगितलं गेलं, तर माणूस जिवाला मुकू शकतो. हे मी घाबरवायला लिहीत नाही. मधुमेही माणसाची उलटी ही तपासायची गोष्ट आहे, सहन करायची नाही.

कच्च्या आहाराने मधुमेहाची औषधं सुटतात, हा दावा जुना आहे. गव्हांकुराच्या रसाचा प्रसार ज्यांनी जगभर केला त्या बॉस्टनच्या ॲन विग्मोर यांच्यावर १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या महाधिवक्त्यांनी खटला भरला होता. आपल्या कार्यक्रमाने इन्शुलिनची गरज कमी होते किंवा संपते, असं त्या सांगत होत्या. न्यायालयात हरल्यावर त्यांनी तो दावा सोडला. गव्हांकुर प्यायला माझी हरकत नाही. त्यांच्या भरवशावर गोळी सोडायला आहे.

आहार बदलून, वजन उतरवून औषधं खरोखर कमी होतात, मी ते पाहिलं आहे. पण ते रोजच्या साखरेच्या नोंदी बघत, काही महिन्यांत, एकेक पायरीने होतं. असं काम करणारं केंद्र सापडलं तर जरूर जा. सोबत ग्लुकोमीटर न्या, आणि खिशात साखर ठेवा. घाम, थरथर, डोकं हलकं वाटलं तर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. त्या साखरेवरून कुणी बोललं तर बोलू द्या.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी जुलैमध्ये गोव्याला एका रिसॉर्टच्या कच्च्या आहाराच्या शिबिराला जायचं म्हणतोय. पावसाळ्यात दर निम्मे असतात. कच्चं खाणं त्या दिवसांत सुरक्षित असतं का?

दर निम्मे असण्याचं कारण तुमच्या प्रश्नातच आहे. शिजवणं ही नुसती चव आणण्याची क्रिया नाही, ती जंतू मारण्याचीही क्रिया आहे. ती वगळली की सगळा भार धुण्यावर, पाण्यावर आणि वाढणाऱ्याच्या हातांवर येतो. पावसाळ्यात पालेभाजी चिखलाची येते, विहिरींचं पाणी गढूळ होतं. आपल्या आज्या श्रावणात पालेभाजी जपून खायच्या त्यामागे अनुभव होता.

सगळ्यात जास्त जपायचं ते मोडांना. मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंना लागते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांमधून ई. कोलाय या जंतूची साथ पसरली. सुमारे चार हजार माणसं आजारी पडली, पन्नासहून अधिक दगावली. दूषण बियाण्यातूनच आलं असेल, तर वरून कितीही धुतलं तरी उपयोग नाही. म्हणून मोडांना चार-पाच मिनिटं वाफ देणारं स्वयंपाकघर मला जास्त शहाणं वाटतं, मग भले ते ‘शुद्ध कच्चं’ न राहो. राजम्याचे मोड तर कच्चे कधीच खायचे नाहीत. कच्च्या राजम्यातल्या विषारी प्रथिनामुळे मूठभर दाण्यांनीही जोरदार उलट्या होतात. तो भिजवून, पाणी फेकून, खदखदून उकळावाच लागतो.

रिसॉर्टला विचारा की भाज्या कशाने धुता. ‘आरओच्या पाण्याने’ एवढं उत्तर पुरेसं नाही. आधी क्लोरीनच्या पाण्यात बुडवून ठेवणं, मग पिण्याच्या पाण्याने धुणं, असं काहीतरी ऐकू यायला हवं. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी परवाना क्रमांक मागा. तुमच्यापैकी कुणी गरोदर असेल किंवा तशी तयारी करत असेल, तर हा बेत सोडा. आणि तब्येत चांगली असली, तरी मी तुम्हाला जुलैऐवजी डिसेंबर-जानेवारी सुचवेन. त्या दिवसांत गाजर, मुळा, पेरू, मटार, हरभऱ्याचे घाटे असं कच्चं खाण्याजोगं बाजारात भरपूर असतं.

प्रश्न : वय २७, कोल्हापूर. वजन ४७ किलो, उंची पाच फूट चार इंच. वजन कमी करायचं नाही, त्वचा आणि ऊर्जा यांसाठी ४१ दिवस पूर्ण कच्च्या आहाराचं शिबिर करायचं आहे. माझी पाळी आधीच थोडी पुढेमागे होते.

करू नका. तुमचं वजन उंचीच्या मानाने आत्ताच कमी आहे. जर्मनीत दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या पाचशेहून अधिक स्त्री-पुरुषांचा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४५ वर्षांखालच्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. ताटात जितकं जास्त कच्चं, तितकं वजन कमी, असंही त्यात दिसलं. पाळी थांबते तेव्हा हाडांचंही नुकसान सुरू होतं, आणि सत्ताविसाव्या वर्षी ते जाणवत नाही.

ऊर्जा कमी वाटते ना? मग हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड तपासा. दूधही नसलेल्या कच्च्या आहारात बी-१२ जवळजवळ नसतंच, म्हणून थकव्यावर हा उपाय उलटा पडू शकतो. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा, मी वाट बघते.

प्रश्न : वडील ६७ वर्षांचे, क्रिएटिनिन २.१. नातेवाईक म्हणतात, शिबिरात दुधीचा रस आणि नारळपाण्यावर मूत्रपिंड ‘साफ’ होतं.

त्यांना पाठवू नका. क्रिएटिनिन २.१ म्हणजे मूत्रपिंड कमजोर झालं आहे. तसं झालं की पोटॅशियम नीट बाहेर टाकता येत नाही, आणि ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. एका ग्लास नारळपाण्यात साधारण पाचशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. अशा रुग्णांना आम्ही भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून द्यायला सांगतो, कारण त्याने पोटॅशियम कमी होतं. कच्च्या आहारात नेमकी हीच सोय नाहीशी होते. पालकाच्या रोजच्या रसातलं ऑक्झलेट मूत्रपिंडाला आणखी इजा करू शकतं. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, तर त्यांनी चाखूही नये.

दुधीच्या रसाविषयी सगळ्यांनाच सांगते. दुधी कडू असेल तर तो रस विषारी असतो. रक्ताच्या उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. २०१० मध्ये दिल्लीत असा एक मृत्यू झाल्यावर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने यावर अहवाल दिला. रस काढण्याआधी दुधीची फोड चाखायची, कडू लागली तर आख्खा दुधी टाकून द्यायचा. माझ्या तारुण्यात एका केंद्रात कडू रस ‘औषध आहे, पिऊन टाका’ म्हणून माझ्या हातात दिला गेला होता. मी तो ओतून दिला, शेजारच्या बाईंनी पिऊन टाकला. त्यांना रात्री सलाइन लावावं लागलं. तो पेला मी आजही विसरलेली नाही.

प्रश्न : उरुळी कांचनचा आश्रम आणि ही नवी शिबिरं एकच का? गांधीजीही कच्चं खायचे ना?

एकच नाहीत. उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम गांधीजींच्या प्रेरणेने १९४६ मध्ये सुरू झाला आणि मणिभाई देसाईंनी तो उभा केला. खेड्यातल्या गरीब माणसाला परवडेल असा उपचार, हा त्याचा हेतू. पुण्यात डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं, गांधीजी तिथे राहिले होते. त्याच बापू भवनात आज राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. शिबिराचे हजारो रुपये भरण्याआधी अशा ठिकाणच्या बाह्यरुग्ण विभागात एकदा दाखवून यावं, असं माझं मत आहे. निसर्गोपचारात कच्चं अन्न हे एक साधन आहे, पण उकडलेली भाजी, ताक, भाकरीही असते. माणूस बघून ताट ठरतं.

गांधीजींनी १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग गंभीरपणे केला आणि त्याविषयी ‘यंग इंडिया’त लिहिलं. काही आठवड्यांनी आमांश झाला, तेव्हा त्यांनी प्रयोग थांबवला, शेळीच्या दुधाकडे वळले, आणि हेही लिहून जाहीर केलं. मला त्यांचा हा दुसरा लेख पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. ज्या शिबिराकडे ‘हे अमुक लोकांना मानवलं नाही’ असं सांगण्याइतका प्रामाणिकपणा आहे, तिथे मी माझ्या बहिणीला पाठवेन.

प्रश्न : मागच्या वर्षी शिबिर करून आले, खरंच फार छान वाटलं. दोन महिन्यांत सगळं पहिल्यासारखं. पुन्हा जाऊ की घरीच काही करता येईल?

छान वाटलं ते खरंच होतं. लवकर झोप, चहा-बिस्किटं नाहीत, तळण नाही, फोन बाजूला, चालणं. यातलं किती श्रेय कच्च्या अन्नाचं हे वेगळं काढता येत नाही. शिजवल्याने अन्न ‘मेलं’ असं तिथे सांगितलं असेल, तर ते मनातून काढून टाका. कच्च्या भाजीतले एन्झाइम जठरातल्या आम्लात मोडतातच. क जीवनसत्त्व उष्णतेने घटतं हे खरं, पण टोमॅटोतलं लायकोपीन आणि गाजरातलं कॅरोटीन शिजवल्यावर उलट जास्त मिळतं.

म्हणून दोन्ही ठेवा. आपल्या ताटाची डावी बाजू मुळात कच्चीच असते. काकडीची, मुळ्याची, गाजराची कोशिंबीर, कांद्याची पात, कोथिंबिरीची चटणी, लिंबाची फोड. चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंबेडाळ म्हणजे भिजवून वाटलेली कच्ची हरभऱ्याची डाळ आणि कैरी, वर फोडणी. ही डावी बाजू आपण चमचाभर करून टाकली आहे. ती वाटीभर करा, दोन्ही जेवणांत, आणि जेवायला बसल्यावर आधी ती संपवा. सकाळी बिस्किटांच्या जागी एक फळ आणि भिजवलेले मूठभर दाणे. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी घेत असाल, तर पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवू नका, आधी डॉक्टरांना सांगा.

तीन महिने हे करून बघा. मग पुन्हा जावंसं वाटलं तर विश्रांतीसाठी जरूर जा, आणि या वेळी नोंदणीच्या फोनवर त्यांनी काय काय विचारलं ते मला कळवा.