कुठला चाफा?

दापोलीच्या एका वाचक ताई अमेरिकेतल्या कथेचं भाषांतर करतायत. कथेत अंगणात मॅग्नोलियाचं झाड आहे. त्यांनी विचारलंय, "मॅग्नोलिया म्हणजे चाफाच ना? मग सरळ 'पांढरा चाफा' लिहू का? आणि आमच्या परसात चार-पाच तऱ्हेचे चाफे आहेत, ते सगळे एकाच कुळातले का?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी गंमत तिथे आहे. नाही, एका कुळातले नाहीत. चाफा हे आडनाव आहे, आणि आडनाव सारखं म्हणून माणसं भाऊबंद असतातच असं कुठे आहे?

मूळ धनी सोनचाफा. संस्कृतातला चंपक तो हाच. दंतचा दात झाला तसा अनुस्वार गळून 'चं'चा 'चा' झाला, आणि 'प'चा 'फ' झाला. कोकणातल्या माणसाला याचं नवल वाटू नये, पनसाचा फणसही असाच झालाय. पाशाचा फास आणि परशूची फरशी याच वाटेने आली. स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 मध्ये या झाडाला मिचेलिया चंपका म्हटलं, म्हणजे आपलाच शब्द लॅटिनच्या पंगतीला नेऊन बसवला. पुढे मिचेलिया ही प्रजाती मॅग्नोलियात विलीन झाली, तेव्हा आता तो मॅग्नोलिया चंपका. कुळाला मराठीत चंपक कुल म्हणतात.

हे कुळ ओळखायला पुस्तक लागत नाही. सोनचाफ्याची कोवळी डहाळी हातात घ्या. प्रत्येक पानाच्या देठापाशी फांदीभोवती बांगडीसारखी एक रेघ दिसेल. पानाच्या कळीवर टोपी असते, ती गळून पडली की ही खूण मागे राहते. मग फूल सोला. बाहेरची हिरवी दलं वेगळी आणि आतल्या पाकळ्या वेगळ्या असा भेदच नाही, सगळ्या एकसारख्या. मधोमध एक दांडी, तिच्यावर खाली पुंकेसर आणि वर बारीक बारीक बीजकोश मळसूत्रासारखे चढत गेलेले. फळ म्हणजे खरबरीत गोट्यांचा घोस. त्या उकलल्या की आतून लालभडक बिया डोकावतात आणि पाखरांची धांदल उडते.

याच कुळातला दुसरा म्हणजे कवठी चाफा. सोनचाफा पानाच्या बेचक्यात फुलतो, कवठी फांदीच्या टोकाला. फूल पांढरं, गोलसर, मान खाली घातलेलं. संध्याकाळी उमललं की पिकल्या कवठाचा वास पडवीपर्यंत येतो. नाव वासावरूनच पडलंय.

घरचे चाफे एवढेच. बाकीच्यांनी वासाच्या जोरावर आडनाव लावून घेतलंय. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. त्याला निदान चुलतभाऊ म्हणता येईल, कारण सीताफळ, जायफळ आणि सोनचाफा ही तिन्ही कुळं वनस्पतिशास्त्रात एकाच गणात, म्हणजे कुळांच्या एकाच मोठ्या गटात येतात. नागचाफा किनाऱ्यावरच्या उंडीचा सोयरा. भुईचाफा तर हळद-आल्याच्या घरातला. आणि देवळापुढचा पांढरा चाफा, म्हणजे देवचाफा किंवा खुरचाफा? तो मेक्सिको-मध्य अमेरिकेकडून आलेला. फांदी मोडा, पांढरा चीक येईल, अगदी करवंदासारखा. कूळही करवंदाचंच.

या पांढऱ्या चाफ्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया, शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून. आणि फ्रान्समधल्या माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्येर मान्योल यांच्या नावावरून 'मॅग्नोलिया' हे नाव 1703 मध्ये बनवलं कुणी? याच प्ल्युमिएने! एका झाडाला त्याने नाव दिलं, दुसऱ्या झाडाला त्याचं नाव मिळालं, आणि आपण दोन्ही झाडांना चाफा म्हणून मोकळे झालो.

'चाफेकळी नाक' म्हणतो तेव्हा मात्र शब्दाला मूळ धनी बरोबर आठवतो. ती निमुळती, सरळ कळी सोनचाफ्याचीच. पांढऱ्या चाफ्याची पीळ पडलेली कळी डोळ्यांपुढे आणून असं नाक कुणाला चिकटवून बघा!

जुन्या कवींचा एक संकेत आहे की भुंगा चंपकाकडे फिरकत नाही, वास उग्र म्हणून. मला हा संकेत फार आवडतो. या कुळातल्या फुलांचं परागीभवन मुख्यतः भुंगेरे, म्हणजे टणक पाठीचे बीटल, करतात, आणि ही सोयरीक मधमाश्यांपेक्षाही जुनी मानतात. भुंगा येत नसेल, भुंगेरा येतो. नावात फरक एका अक्षराचा, पण किडे निराळे.

उपयोगाचं थोडक्यात सांगायचं तर अत्तर आणि लाकूड. पण आपल्याकडे सोनचाफा म्हणजे मुळात फूलच. वसईतून पहाटेच्या गाडीने तो दादरच्या फुलबाजारात जातो. माझी आजी ताजं फूल काचेच्या बाटलीत पाणी नि तुरटी घालून बुडवून ठेवायची आणि बूच लावायची. गणपतीत ठेवलेलं फूल शिमग्याला पाहुण्यांना दाखवायची. रंग टिकायचा. वास अर्थातच बाटलीतच राहायचा.

आता ताई, तुमचं भाषांतर. तिकडच्या दक्षिणेतल्या अंगणातला मॅग्नोलिया बहुधा मोठ्या फुलाचा, पानं जाड नि चकचकीत, फूल ताटलीएवढं पांढरं. कुळाने तो सोनचाफ्याचा सख्खा, पण 'पांढरा चाफा' लिहिलंत की वाचक थेट गावच्या देवळापुढच्या पारावर जाऊन बसेल, आणि तिथून त्याला अमेरिकेत परत आणायचं तुम्हाला जमणार नाही. 'मॅग्नोलिया'च ठेवा. फार वाटलं तर पहिल्या उल्लेखाला एखाद्या पात्राच्या तोंडी घाला, "आपल्या कवठी चाफ्यासारखं, पण केवढं मोठं!"