एकटा ओगर सहज हरतो, पण गॉब्लिनांची टोळी भारी पडते, असे का?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या भूमिका-खेळात चॅलेंज रेटिंग (शत्रू किती अवघड, हे सांगणारा आकडा) पाहून लढती रचल्या, तरी दुसऱ्या पातळीवरील चार पात्रांनी ओगर या धिप्पाड राक्षसाला दोन फेऱ्यांत संपवले आणि आठ गॉब्लिनांनी, म्हणजे बुटक्या राक्षसांनी, मात्र त्याच चौघांना लोळवले, असे आपण विचारले आहे. याचे मूळ कारण प्रत्येक फेरीत कोणत्या बाजूला किती वार करायला मिळतात, यात आहे. चौघे चार वार करतात, तेव्हा ओगर एकदाच सोटा फिरवतो. (तो लागला तर सरासरी १३ इजा होते आणि जादूगार एका फटक्यात कोसळू शकतो, हे विसरू नये.)

या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतील २०१४ च्या नियमांनुसार ओगरचे अनुभवगुण (शत्रूला हरवल्याबद्दल मिळणारे गुण) ४५० असून आठ गॉब्लिनांचे ४०० होतात. परंतु सात ते दहा शत्रू असल्यास काठिण्य ठरवताना बेरीज अडीचपट धरतात, म्हणजे ती १००० होते, आणि आपल्या चौघांसाठी ८०० पासूनच लढत प्राणघातक ठरते. ओगर मात्र मध्यमच राहतो.

माझ्या मते ओगरसोबत एक धनुर्धारी गॉब्लिन द्यावा: ५०० ची दीडपट ७५०, म्हणजे लढत कठीण, पण प्राणघातक नाही. गॉब्लिन आठच हवे असतील, तर पहिले चार पडल्यावरच उरलेले चार आत आणावेत. फासे लपवून निकाल बदलण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे, कारण खेळाडूंच्या निर्णयांना त्यात खरी किंमत उरते.