औषध येईपर्यंत मूल वाढतं

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला गोशे आजार (शरीरात एक एन्झाइम कमी पडण्याचा जन्मजात, दुर्मीळ आजार) आहे. दर पंधरा दिवसांनी एन्झाइम द्यावं लागतं. सरकारी मदत थेट आमच्या खात्यात का येत नाही? – एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, एकोणतीस वर्षं सरकारी औषधभांडार सांभाळलंय, म्हणून सांगतो. 2021च्या दुर्मीळ आजार धोरणातली मदत (आता 50 लाखांपर्यंत) उत्कृष्टता केंद्राला (म्हणजे या आजारांसाठी सरकारनं नेमलेल्या रुग्णालयाला) मिळते, खरेदीही तेच करतं. मुंबईचं केईएम त्यातलं एक. म्हणजे विदर्भ एक्स्प्रेसची रात्र आलीच!

खरी गोम मागणीपत्रात असते. मात्रा वजनावर ठरते. मार्चमध्ये सोळा किलो लिहिलं अन् औषध आलं तोवर पोरगं अठराचं, तर कुप्या कमी पडणारच. ताजं वजन स्वतः लिहून द्या, पोच घ्या. आमच्याकडे एकदा एकच निविदा आली म्हणून फाइल तीनदा परतली. बनवणारी कंपनीच एक, दुसरी आणायची कुठून? शेवटी एकमेव उत्पादकाचा दाखला जोडला तेव्हा हलली. तो जोडलाय का, एवढं विचाराच.

आणि हो, कुप्या 2 ते 8 अंशांत ठेवायच्या. नागपूरचा मे महिना तुम्हाला काय सांगायचा! बर्फाचा डबा सोबत न्या.