जर्मन वसाहतींचे नकाशे काढणाऱ्या मुलाच्या वडिलांना

स. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि सोबतची वहीची पानं सावकाश वाचली. मुलगा अकरावी सायन्सला आहे. ‘जर्मन साम्राज्याचं वसाहतधोरण जास्त यशस्वी झालं असतं तर’ या एकाच विषयावर त्याने दोन वह्या भरल्यात आणि आता सायन्स सोडून इतिहास घ्यायचा हट्ट धरलाय. ‘यात पोट भरेल का?’ हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. पण आधी वहीबद्दल बोलू.

1890 साली जर्मनीने उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटाच्या बदल्यात पूर्व आफ्रिकेजवळचं झांझिबार बेट ब्रिटनला देऊन टाकलं, असं तो लिहितो. पुष्कळ ठिकाणी असंच छापलेलं असतं. पण झांझिबार जर्मनीचं कधी नव्हतंच. तिथे सुलतान होता. ब्रिटनचं संरक्षण जर्मनीने तिथे मान्य केलं, एवढंच.

एक पान मात्र मला फार आवडलं. बर्नहार्ड डर्नबुर्ग या बँकरला त्याने 1906-07 ऐवजी 1890 मध्येच वसाहत खात्यात आणून बसवलंय. माणूस अचूक निवडलाय. रेल्वे, शेतीसंशोधन, आणि मजूर मारून वसाहत चालत नाही हा रोकडा हिशेब, ही डर्नबुर्गची दिशा. पण तो आला कशामुळे? नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात, तिथल्या हेरेरो लोकांनी 1904 मध्ये उठाव केला. 2 ऑक्टोबरला जनरल फॉन ट्रोथाने हुकूम काढला, की हद्दीत दिसेल त्या हेरेरोला गोळी घाला. ओमाहेकेच्या वाळवंटात बायकापोरांसकट हजारो माणसं तहानेने मेली. पुढच्याच वर्षी पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत ‘माजी माजी’ नावाचा उठाव झाला. सैन्याने उभी पिकं आणि धान्य जाळलं, त्यातून दुष्काळ पडला. खर्च आणि भानगडी इतक्या वाढल्या, की डिसेंबर 1906 मध्ये जर्मन संसदेने पैसे नाकारले आणि ती बरखास्त झाली. डर्नबुर्ग या सगळ्यातून वर आला. हे काहीच घडलं नसताना 1890 मध्ये त्याला कोण बोलावणार? मुलाने याचं उत्तर शोधायला हवं. आणि त्याच्या पानांत हेरेरो एकदाही येत नाहीत. धोरण यशस्वी म्हणजे कोणासाठी, हे ठरवल्याशिवाय ‘असतं तर’ला अर्थ नाही. हे त्याला रागावून नका सांगू, विचारा.

आता पोटाचं. प्राध्यापकी हे एकच ध्येय ठेवू नका. नेट-सेट होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणारी मुलं मी पाहतो, आणि ते फार वाईट वाटतं. पण या विषयाला दुसरा पाय आहे, तो म्हणजे जर्मन भाषा. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. बी-2 या पातळीपर्यंत नेटाने गेला तर भाषांतराचं आणि जर्मन कंपन्यांमधलं काम मिळू शकतं. इतिहासात काही जमलं नाही तरी हात रिकामे राहणार नाहीत. जर्मनीने 2021 मध्ये हेरेरो आणि त्यांच्या शेजारच्या नामा लोकांचा वंशसंहार मान्य केला. तिथल्या संग्रहालयांत वसाहतींतून आलेल्या वस्तू मुळात कोणाच्या, याचा शोध घेणारं संशोधन चालू आहे. भाषा आणि कागद दोन्ही वाचता येणाऱ्यांचं ते काम आहे. जुनी जर्मन कागदपत्रं कुरेंट नावाच्या हस्ताक्षरात असतात. आपल्या मोडीसारखी ती वेगळी शिकावी लागते.

सायन्स आत्ता सोडू नका. बारावी सायन्सनंतरही इतिहासात बी.ए. करता येतं; दिल्ली विद्यापीठासाठी सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागेल. बारावीनंतर लगेच जर्मनीला धाडायचा, कर्ज काढायचा विचार करू नका. आधी इथे बी.ए., मग एम.ए.साठी तिकडे. तेव्हा डाड (DAAD) या जर्मन संस्थेच्या शिष्यवृत्त्या पाहाव्यात. अभिलेखागारातल्या, म्हणजे जुनी कागदपत्रं जपण्याच्या, कामाचा पदविका अभ्यासक्रमही नजरेत ठेवा.

सुट्टीत त्याला एकदा मुंबईला न्या. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं अभिलेखागार आहे. जर्मन आफ्रिकेत उतरण्याच्या कितीतरी आधी झांझिबारचा ब्रिटिश प्रतिनिधी मुंबई सरकारला अहवाल पाठवत असे, ती कागदपत्रं तिथे आहेत. परवानगीची चौकशी आधी करून जा.

तोवर त्याला डर्नबुर्गचं पान पुन्हा लिहायला सांगा: 1890 मध्ये तो का येतो, आणि त्यामुळे एखाद्या हेरेरो गुराख्याचं काय होतं. लिहून झालं की मला पाठवा. जर्मनच्या वर्गाची फी भरायची की नाही, ते त्यावरून बोलू.