आजोबांची दुनळी बंदूक: डागडुजीवर खर्च करावा का?

परवाना तुझ्या नावावर झाला ना? शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर वारशाची धरून दोनच बंदुका ठेवता येतात, ते आधी मिटव.

दस्ता, पॉलिश नंतर. पहिल्या नळ्या. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री कर, नळ्या उतरव, खालच्या हुकाला टांगत्या धर आणि टिचकी मार. घंटेसारखा नाद घुमला तर बरं. बद्द आवाज आला तर दोन नळ्या जोडणाऱ्या मधल्या पट्टीचा डाख सुटलेला असू शकतो, आणि ते काम बंदुकीच्या किमतीपेक्षा महाग पडू शकतं. मग उजेडाकडे धरून आत बघ: गंजाचे खड्डे, पोचे. बाहेरून नागमोडी नक्षी दिसली तर नळ्या दमास्कसच्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या, बहुधा काळ्या दारूच्या जमान्यातल्या. त्यांत आजचं काडतूस घालायचं नाही.

जुन्या इंग्लिश १२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचं माप) चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बहुधा अडीच इंची. पावणेतीनचं काडतूस त्यात निमूट बसतं, कारण ते माप उडून तोंड उघडल्यानंतरचं; आखूड चेंबरमध्ये तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. इथेच लोक फसतात. परवानाधारक मिस्त्रीकडून मोजून घे.

मी शहाणा! काकांच्या बंदुकीला आधी अक्रोडाचा नवा दस्ता बसवला, नळ्या नंतर दाखवल्या. आतून चाळण. दस्ता मात्र अजून झकास आहे.