१ मेगाहर्ट्झच्या बक कन्व्हर्टरला कोणता इंडक्टर घ्यावा?

तुमचं सर्किट बक कन्व्हर्टर, म्हणजे डीसी व्होल्टेज उतरवणारं: १२ व्होल्टवरून ३.३ व्होल्ट, ३ अँपिअर, स्विचिंग १ मेगाहर्ट्झ. आणि लोड काढला तरी कॉइल (इंडक्टर) चटका देते म्हणता. तुम्ही वापरलेली, जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायमधून) काढलेली ती पिवळी-पांढरी रिंग, म्हणजे कॉइलचा कोअर, लोखंडाच्या पावडरची असते. शंभर-एक किलोहर्ट्झपर्यंत ती चालून जाते, १ मेगाहर्ट्झला नाही. लोड नसतानाही तापते, कारण कोअर लॉस (कोअरमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा) डीसी लोडवर नाही, रिपलवर (करंटच्या चढउतारावर) आणि फ्रिक्वेन्सीवर ठरतो. तार कितीही जाड घ्या, हा ताप कमी होणार नाही. कोअरच बदला: फेराइट (चुंबकीय सिरॅमिक), नाहीतर मोल्डेड मेटल कंपोझिट (धातूची भुकटी बाइंडरसोबत दाबून केलेला).

व्हॅल्यू काढू. रिपल लोडच्या ३० टक्के, म्हणजे ०.९ अँपिअर धरा. ३.३ × ०.७२५ (म्हणजे १ वजा ३.३/१२) भागिले (१ मेगाहर्ट्झ × ०.९) म्हणजे साधारण २.७ मायक्रोहेन्री. बाजारात सहज मिळणारी ३.३ घेतलीत तरी उत्तम.

आता डेटाशीट. पीक करंट साडेतीन अँपिअरच्या आत आहे, पण सॅच्युरेशन करंट (ज्याला कोअर चुंबकीयदृष्ट्या भरून इंडक्टन्स घटतो तो) किमान ५ अँपिअरचा बघा. फेराइट गरम झालं की लवकर सॅच्युरेट होतं, आणि झालं की इंडक्टन्स एकदम कोसळतो. कंपोझिटमध्ये तो हळूहळू उतरतो, म्हणून मी तेच वापरतो. सॅच्युरेशन करंटचा आकडा इंडक्टन्स २० टक्के घटल्यावरचा आहे की ३० टक्के, ते तळटीपेत वाचा. नुसता डीसी रेझिस्टन्स बघून कॉइल निवडू नका, १ मेगाहर्ट्झचा रिपल करंट मुख्यतः तांब्याच्या पृष्ठभागालगतच्या जेमतेम ०.०७ मिलिमीटर थरातूनच वाहतो. आणि शील्डेडच (चुंबकीय क्षेत्र बाहेर फारसं पसरू न देणारी) घ्या.