ब्रेकपॉइंट ‘लागला नाही’ म्हणजे नेमके काय?

‘शेअर्ड लायब्ररीतल्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावला, पण तो लागला नाही’ हे वाक्य मराठी म्हणून चालेल का, की ‘लागला’ऐवजी ‘कार्यान्वित झाला’ असे लिहावे, अशी पृच्छा आहे. (ब्रेकपॉइंट म्हणजे प्रोग्राम जिथे थांबावा अशी खूण. ती डीबगर, म्हणजे प्रोग्राममधले दोष शोधण्याचे साधन, लावतो. फंक्शन म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, आणि शेअर्ड लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती कोडची वेगळी फाइल.) ‘कार्यान्वित’ मुळीच नको. ते योजनांसाठी राहू द्यावे. वाक्य मराठी म्हणून निर्दोष आहे, मात्र त्यातून दोन वेगळे अर्थ निघतात.

‘कुलूप लागले नाही’ म्हणजे ते जागेवर नीट अडकले नाही, आणि ‘ठेच लागली नाही’ म्हणजे चालताना पाय कशावर आदळला नाही. ब्रेकपॉइंटच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ संभवतात. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरवर डीबगर सहसा मूळ सूचनेचा पहिला बाइट बाजूला ठेवून तिथे थांबण्याची एका बाइटची सूचना लिहितो. हे झाले कुलूप. पुढे प्रोग्राम चालता चालता त्या पत्त्यावर पोहोचून थांबतो. ही झाली ठेच. मुख्य प्रोग्राममध्ये हा फरक क्वचितच जाणवतो, पण शेअर्ड लायब्ररी मेमरीत कोणत्या पत्त्यावर उतरेल हे ती लोड होईपर्यंत ठरलेलेच नसते, त्यामुळे तोवर बाइट लिहायला जागाच नसते.

लायब्ररी लोड झाल्याची खबर डीबगरला कशी मिळते, हेही सर्वत्र सारखे नाही. विंडोजवर डीएलएल (तिथली शेअर्ड लायब्ररी) लोड झाली की कार्यप्रणाली स्वतःच डीबगरला तशी घटना कळवते. लिनक्सवर आणि मॅकओएसवर डीबगर लोडरमधल्या (लायब्ररी मेमरीत आणणाऱ्या प्रोग्राममधल्या) ठरावीक ठिकाणी आपला एक अंतर्गत ब्रेकपॉइंट लावून ठेवतो, म्हणजे तुमचा ब्रेकपॉइंट बसण्याआधी डीबगरचा स्वतःचा लागावा लागतो. (मराठीत हे वाक्य इतके सरळ उतरते, याची मला गंमत वाटते.)

म्हणून माझे मत असे की, पहिल्या अर्थी ‘बसणे’ आणि दुसऱ्या अर्थी ‘लागणे’ वापरावे. ‘ब्रेकपॉइंट बसला, पण लागला नाही’ असे लिहिले की वाचणारा लायब्ररी सोडून प्रोग्रामचा प्रवाह तपासू लागतो. ‘बसलाच नाही’ म्हटले की तो सिम्बॉल्सची माहिती (फंक्शनांची नावे आणि पत्ते) आणि लायब्ररीच्या फाइलचा मार्ग पाहतो. व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंगच्या साधनात न बसलेला ब्रेकपॉइंट भरीव ठिपक्याऐवजी पोकळ वर्तुळासारखा दिसतो, तोही हाच भेद.

जीडीबी या डीबगरच्या ब्रेकपॉइंटांच्या यादीत पत्त्याच्या रकान्यात ‘पेंडिंग’ दिसते, त्याला ‘प्रलंबित’ हा प्रतिशब्द चपखल आहे, कारण नोंद झालेली असते आणि फक्त पत्ता मिळायचा असतो. ब्रेकपॉइंटसाठी ‘खंडबिंदू’ हा शब्द मात्र टाळावा. त्यातून काहीतरी तुटल्याचा भास होतो. आणखी एक अवस्था उरते. फंक्शन सापडले नाही की पुढे लायब्ररी लोड होईपर्यंत ब्रेकपॉइंट प्रलंबित ठेवू का, असे जीडीबी विचारतो, आणि टर्मिनलऐवजी स्क्रिप्टमधून चालवला असेल, तर मूळ मांडणीत उत्तर ‘नाही’ असे स्वतःच धरतो. अशा ब्रेकपॉइंटला ‘बसला नाही’ किंवा ‘प्रलंबित आहे’ म्हणणेही चूकच. तो नोंदलाच गेलेला नसतो.